सतरा नंबरचा बिल्ला

"सतरा नंबर! ओ सतरा नंबर!"

टेकडीवरच्या तोफेपाशी बसमधून उतरून आम्ही पंचवीस प्रवासी माना वर करून उभे होतो. तोफ अशी अवाढव्य की तिच्या नळीतून एखादं मूल सहज रांगत गेलं असतं. एक गोळा चढवायला बारा माणसं लागायची, असं गाईड सांगत होता आणि समोर नुसता समुद्र... तेवढ्यात मागून ही हाक आली.

चढ धावत आलेला एक तरुण. शर्ट घामानं पाठीला चिकटलेला, केस वाऱ्यानं कुठच्या कुठे. सकाळी बंदरातल्या, आता संग्रहालय झालेल्या जुन्या पाणबुडीत उतरताना ज्यानं प्रत्येकाच्या हातात पितळी बिल्ला ठेवला होता, तोच हा बिल्लेवाला. सरळ माझ्यासमोर येऊन, गुडघ्यांवर हात टेकून तो म्हणाला,

"तुम्ही... अजून पाणबुडीत आहात."

"मी? मी तर इथे आहे."

"आमच्या फळ्यावर नाही ना! आत जाताना बिल्ला घ्यायचा, बाहेर येताना फळ्यावर अडकवायचा. एक खिळा रिकामा दिसला, तर आत कुणीतरी राहिलंय. नौसैनिक होते तेव्हापासूनची पद्धत आहे ही. चौघांनी मिळून दीड तास शोधलं तुम्हाला. बिछान्यांखाली, इंजिनामागे... मी तर टॉर्पेडोच्या नळीतही डोकावलो."

"त्या नळीत मी मावेन असं वाटलं तुम्हाला?"

त्यानं मला एकदा नीट पाहिलं आणि गडबडून नजर समुद्राकडे वळवली. "घाबरलो होतो हो... मापं डोक्यातच नव्हती."

सगळे हसले. मीही हसले असते, पण शेजारी आत्या उभी होती.

"अगं, मागच्या दाराशी फळा असतो म्हणे," आत्या म्हणाली. "तू तिथूनच आलीस ना?"

"मागच्या दारानं त्या आल्याच—" बिल्लेवाला बोलता बोलता थांबला. माझ्या चेहऱ्यावर काय होतं कोण जाणे. क्षणभर त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मग आत्याकडे वळला. "त्या दाराशी फार गर्दी होती, काकू. माझंच लक्ष नव्हतं."

अनोळखी माणसानं माझ्यासाठी न केलेली चूक स्वतःच्या डोक्यावर घेतली होती. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं... आणि त्याच वेळी तो फार, फार आवडला.

खरं सांगायचं तर मी त्या पाणबुडीत जेमतेम चार मिनिटं होते. माझे आजोबा, म्हणजे आत्याचे बाबा, याच पाणबुडीवर सहा वर्षं होते. सगळ्यात शेवटची खोली, डावा हात, खालून दुसरी फळी, ही त्यांची झोपायची जागा. आत्याला ती आयुष्यात एकदा बघायची होती. पण तिचे गुडघे असे की ती शिडी उतरणं अशक्य. "तू बघून ये आणि मला सांग," एवढंच म्हणून ती धक्क्यावरच्या बाकावर बसली होती. आणि मी? मला बंद जागेची भीती. ऑफिस पाचव्या मजल्यावर, तरी मी रोज जिना चढते, आणि हे घरात कुणालाच माहीत नाही. पहिल्या गोल दारापाशीच श्वास अडकला, तशी आल्या शिडीनं वर पळाले. तिकीटखिडकीच्या मागे वीस मिनिटं लपून मग आत्याकडे गेले.

"पाहिलीस?" तिनं विचारलं.

"हो," मी म्हणाले.

तिनं डोळे पुसले होते. तेव्हापासून ते "हो" काट्यासारखं सलत होतं.

बिल्लेवाल्याच्या हातात बिल्ला देताना मी हळूच पुटपुटले, "थँक्यू."

"पाचनंतर गर्दी नसते," तो तितकाच हळू म्हणाला. "सहाला बंद होते."

पाच वाजता मी शिडीच्या तोंडाशी उभी होते. आत्या पुन्हा बाकावर. तिला सांगितलं, फोटो काढायचे राहिलेत. आणखी एक खोटं.

"पाच गोल दारं आहेत," बिल्लेवाला म्हणाला. "प्रत्येक दाराशी विचारेन, पुढे की मागे? मागे म्हणालात तर मागे. तोपर्यंत फक्त माझ्या पाठीकडे बघत चला."

"पाठीत बघण्यासारखं काय आहे?"

"काही नाही. म्हणून तर भीती वाटणार नाही."

दोन दारं हसण्यात गेली. तिसऱ्याशी मी म्हणाले, "मागे." तो लगेच वळला.

"थांबा... पुढे."

मग मी पाठीवरची नजर काढली आणि पहिल्यांदा आजूबाजूला पाहिलं. डोक्यापासून पायापर्यंत पाइप, चाकं, तबकड्या. खिडकी एकही नाही. "चोपन्न माणसं," तो कुजबुजला. "वरून शत्रूचं जहाज जायला लागलं की तासन्‌तास कुणी बोलायचं नाही. चमचेसुद्धा फडक्यात गुंडाळायचे."

आम्हीही गप्प राहिलो. लोखंडाच्या पलीकडे पाणी हलत होतं, अगदी कानाशी. अंगावर सर्रकन काटा आला. या आवाजात, या अंधाऱ्या पोटात माणसं घरच्यांची स्वप्नं बघत झोपली होती! मला माझी भीती आठवेना, इतकं ते सगळं मोठं होतं.

शेवटची खोली. डावा हात. खालून दुसरी फळी, माझ्या ऑफिसातल्या ड्रॉइंगबोर्डापेक्षा थोडीच रुंद. मी आत शिरून आडवी झाले आणि आपोआप गुडघे पोटाशी गेले. घरच्या भल्यामोठ्या पलंगावर आजोबा असेच कडेला, मुटकुळं करून झोपायचे. आम्ही नातवंडं किती हसायचो त्यांना... मला रडू फुटलं. बिल्लेवाला पाठ करून दाराशी उभा राहिला. मग त्यानं त्या फळीबद्दल एक गोष्ट सांगितली, तीही मागे न वळता.

वर आलो तेव्हा पावणेसहा झाले होते. मी आत्यापुढे जाऊन बसले.

"आत्या, सकाळी मी खोटं बोलले. मी बाबांच्या जागेपर्यंत गेलेच नव्हते. घाबरून पळाले. जागा आत्ता पाहिली."

आत्याचा चेहरा पडला, आणि ते बघणं पाणबुडीपेक्षा अवघड होतं. मग तिनं विचारलं, "कशी आहे?"

"एवढीशी."

"बाबा तिथे एकटे असायचे... लहानपणी मला रात्री तेच वाटून झोप यायची नाही."

"एकटे नव्हते गं. एका फळीवर तिघं, आळीपाळीनं. एक उठला की दुसरा निजायचा. बिछाना कधी गारच पडायचा नाही. ह्या बिल्लेवाल्यांनी सांगितलं."

आत्यानं माझा हात घट्ट धरला आणि रडली. मग नाक पुसून म्हणाली, "आणखी काही खोटं बोलली असशील तर आत्ताच सांग. एकदमच रागावते."

"फोटो काढायचे नव्हते. आणि..." बिल्लेवाला चार पावलांवर उभा होता, पण आता माघार घेणं शक्य नव्हतं. "हे मला आवडलेत. खूप."

त्याच्या हातातले बिल्ले खणखणत धक्क्यावर सांडले.

"त्याला विचारलंस का?" आत्या म्हणाली.

"नाही."

"मग विचार की! मी बसते समुद्राकडे बघत." आणि तिनं खरंच पाठ फिरवली.

तो खाली बसून बिल्ले गोळा करत होता. मीही बसले. त्याचे कान लालभडक झाले होते.

"पाणबुडी सकाळी किती वाजता उघडते?" मी विचारलं.

"नऊला."

"आमची बस साडेसातला सुटते."

त्यानं वर पाहिलं.

"उद्या सहाला उघडतो."