आत ओढलेला श्वास

"तूवा, लगेच ये. रग्नवाल्डला ताब्यात घ्यायची वेळ आलीय." फोन निरीक्षक हेलबर्गचा होता.

गावच्या चर्चमधला चांदीचा पेला नाहीसा झाला होता. पेल्याच्या कपाटाच्या किल्ल्या दोघांकडेच: देखभाल करणारा रग्नवाल्ड आणि त्याचा जुना मित्र सिक्स्टन. पुरावा सिक्स्टनच्या मोबाइलवर होता. गावच्या आठवणी जपायच्या म्हणून त्याने कॉफी पितानाच्या गप्पा रेकॉर्ड केल्या होत्या.

उच्चारांचा अभ्यास करणाऱ्या तूवाने त्या गप्पा चर्चच्या स्वयंपाकघरात बसून ऐकल्या; हेलबर्ग आणि ते दोघे मित्रही तिथेच होते.

"पेला मीच बाहेर काढला," रग्नवाल्डचा आवाज. लगेच एक हलका श्वास. मग कप ठेवल्याचा आवाज.

"पुढेही काही बोललो होतो गं," रग्नवाल्ड काकुळतीने म्हणाला. "पुसून परत ठेवला, असंच काहीतरी. सिक्स्टन, सांग ना हिला!"

सिक्स्टन खिडकीबाहेर बघत होता. "जे बोललास तेच त्यात आहे, बाबा. मी हात लावलेला नाही."

"त्यावर तू काय म्हणालास?" तूवाने विचारलं.

"काही नाही. सुन्न झालो होतो."

तूवाने तो तुकडा पुन्हा लावला.

"वाक्य संपवताना रग्नवाल्ड शेवटचा शब्द लांबवतो आणि त्याचा आवाज खाली जाऊन खरखरतो. या गप्पांत दर वेळी. इथे मात्र शेवट आखूड, आवाज स्वच्छ. वाक्य संपलेलंच नाही."

"मध्येच अडखळला असेल," हेलबर्ग म्हणाला.

"मलाही तसंच वाटलं. म्हणून तो श्वास ऐकला. आपण उत्तरेकडचे लोक 'हो' कसं म्हणतो?"

हेलबर्गने नकळत तोंडाने हवा आत ओढली, त्यांच्याकडचा बिनशब्दाचा होकार. मग तो चपापला.

"स्वतःच्याच अर्धवट वाक्याला कुणी 'हो' म्हणत नाही, म्हणजे श्वास सिक्स्टनचा आहे. मित्र चोरी कबूल करतोय आणि हा निवांत 'हो' म्हणतोय? नाही. त्याने पूर्ण वाक्य ऐकलं होतं, त्यात वावगं काही नव्हतं. नंतर त्याने मधला भाग कापला, पण स्वतःचा होकार तसाच राहिला. तो श्वास आपण बोलणं म्हणून मोजतच नाही, म्हणून त्याच्या लक्षात आलं नाही. आणि दुसरी किल्ली असलेल्या माणसाला मित्राची खोटी कबुली कशाला लागते?"

रग्नवाल्ड सावकाश मित्राकडे वळला.

"इतकी वर्षं माझ्या टेबलाशी बसलास. पेला तू घेतलास?"

सिक्स्टनने मान वर केली नाही. त्याचे ओठ किंचित उघडले आणि हवा आत ओढली गेली.