रुपालीची वाक्यं

मी गेले होते माझं दुधाचं भगोणं परत आणायला. एवढंच काम होतं.

बुलढाण्यात आमच्या भिंतीला लागून धम्मरत्न सरांची शिकवणी चालते. संध्याकाळी पाचला पोरं घरी गेली की बाक भिंतीशी सरकवून तिथंच सर नाटकाची तालीम घ्यायचे. माझं शिक्षण सातवी. पण शेजारी काय चाललंय ते मला न वाचताही कळतं, असं आमचे हे म्हणतात. खोटं कशाला बोलू, मी भाजी निवडायचं निमित्त करून रोज त्यांच्या दारात बसायची. दोनच पोरींचं नाटक होतं. नाटकात रुपाली मोठी बहीण, पायल लहान. मोठी गाव सोडून निघालेली, एसटीची वाट पाहताना धाकटीला विचारते, "येतं का माझ्यासंग?" धाकटी म्हणते, "मी नाही येत. माय एकटी हाय." त्या वाक्याला मी दर वेळी पदर डोळ्याला लावायची.

दिवाळीनंतर रुपालीला डेंग्यूचा ताप आला. सहा दिवसांत पोरगी गेली.

मी भगोणं मागायला गेले तो तिच्यानंतरच्या तालमीचा पहिला दिवस. पायल बाकाच्या एका टोकाला बसलेली. रुपालीच्या जागी दुसरी कोणी आली तर मी नाटकच सोडते, म्हणत होती. महिन्यावर स्पर्धा. सर मला पाहून म्हणाले, "बरं झालं काकू, आल्या. तुम्हाले नाटक पाठच हाय. पुस्तक धरा."

"मी? अन् माझा स्वयंपाक?"

"अर्धा घंटा फक्त. नवीन पोरगी मिळेपर्यंत आपण रुपालीची जागा सोडू. तिचं वाक्य आलं की तुम्ही मनातल्या मनात वाचायचं. ओठ हलवायचे नाहीत. संपलं की बोट वर करा. मग पायल बोलंल."

सरांनी मायेनंच सांगितलं होतं. मलाही ते बरंच वाटलं, तिची आठवण राहील म्हणून. रोज पाच वाजता आम्ही तिघं तिच्यासाठी थांबत गेलो. चूक तीच झाली.

आठवडाभर सगळं ठीक होतं. मग पायल माझं बोट वर जायच्या आधीच बोलू लागली. घाई करते पोरगी, मला वाटलं. मग एका वाक्याला ती हसली. तिथं हसायचं काही नव्हतं. सर म्हणाले, "पायल, पुस्तकात नाही हे."

"ती आज येगळंच बोलली, सर."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुस्तकाकडे.

दुसऱ्या दिवशी पायलची आई, चांगुणा, दळणाचा डबा घेऊन माझ्या ओट्यावर टेकली. "शालूबाई, पोरगी चार दिवसांपासून भाकरीले हात लावून नाही राह्यली. थैलीत दोन ड्रेस भरून ठेवले. कुठं चालली म्हणलं, तर म्हणते अजून ठरलं नाही. तुम्ही तिथं असता... कोणी पोरगा-गिरगा हाय का?"

"नाही वं माय."

"मले एवढी एकच हाय."

त्या शनिवारी सर शाळेच्या कामाला मोताळ्याला अडकले. फोनवर म्हणाले, तुम्ही दोघी सुरू करा. थंडी पडली होती. खोलीत खडूचा अन् ओल्या भिंतीचा वास. ट्यूबलाइट गुणगुणत होती. पायल बाकाच्या टोकाला बसली. थैली पायाशी.

तिसऱ्या पानावर ते वाक्य आलं. येतं का माझ्यासंग. मी मनात वाचलं. बोट वर केलं.

पायल बोलली नाही. तिचं लक्ष माझ्या बोटाकडे नव्हतंच. बाकाच्या मोकळ्या टोकाकडे पाहून ती मान हलवत होती, समोरचं माणूस काही समजावून सांगत असल्यासारखी. एकदा. परत एकदा. माझा हात दुखायला लागला.

"पायल... तुझं वाक्य."

"थांबा न, काकू... तिचं व्हायचं हाय."

ही शांतताच मोडली पाहिजे, एवढंच सुचलं. मी रुपालीचं वाक्य खणखणीत आवाजात वाचलं. "येतं का माझ्यासंग?"

पायलनं कपाळाला आठी घातली. "हळू, काकू... दोघी एकदम बोलता. मले काही समजत नाही."

अन् ती थैली उचलून उभी राहिली. बाकाकडे वळून तिनं तोंड उघडलं. ती 'हाव, येते' म्हणणार, हे मला त्या पुस्तकाशिवाय कळलं. मी धावत जाऊन तिच्या तोंडावर हात दाबला आणि त्या रिकाम्या बाकावर ओरडले, "मी नाही येत! माय एकटी हाय!"

थैली पडली. पायल माझ्या गळ्यात पडून रडली, हमसून हमसून, लहान लेकरासारखी. अंग गरम होतं तिचं. मी पाठीवरून हात फिरवत राहिले.

"गेली का वं?" मी विचारलं. माझा स्वभावच तसा. न विचारता राहवत नाही.

पायलनं मान हलवली. नाही.

"तुमच्याकडे पाहून राह्यली... म्हणते, काकू पुस्तकातलं बोलल्या... त्यायच्या मनातलं काय ते सांगा म्हणा."

पोरीचा हात धरून बाहेर आले, दार ओढून घेतलं.

सरांनी ते नाटक बंद केलं. पायल आता जेवते, भरतीच्या परीक्षेचा अभ्यास करते, चांगुणा मला येता-जाता आशीर्वाद देते. मी मात्र घरात शांतता होऊ देत नाही. टीव्ही लावते, मोठ्यानं बोलते, भांडी आदळते. कोणी नसलं की फोन करून कोणालाही गाठते. बोलता बोलता थांबले, की तिचं वाक्य सुरू होईल असं वाटतं.

काल संध्याकाळी लाइट गेली. टीव्ही बंद पडला, फोनची बॅटरी संपलेली. मी मेथी निवडत होते, दातावर दात दाबून. अर्धं मिनिट झालं असेल.

आतल्या खोलीतून आमच्या ह्यांनी आवाज दिला.

"कोण आलं वं? केव्हाची हाव, हाव करून राह्यली... कोणाले?"