चारशे बारा मापं आणि एक टाच

मापाडीने जुईलीच्या डाव्या पायाची चारशे बारा मापं घेतली होती. एकही चुकलं नव्हतं. तरीही त्याने घडवलेल्या बुटात तिची टाच दर पावलाला वर उचलली जात होती.

"पुन्हा मोजू का?" मापाडीने विचारलं. आबांच्या कार्यशाळेतल्या या यंत्रमानवाला मोजण्यापलीकडे दुसरा उपाय ठाऊक नव्हता.

"मोजून पाय बदलणार आहे का रे?" जुईली म्हणाली.

शुक्रवारी तिच्या शाळेचा हवामानफुगा आकाशात सुटणार होता. त्याची उपकरणपेटी मैदान ओलांडून फुग्यापर्यंत नेण्याचं काम सातवीच्या वर्गाने मतदान करून तिला दिलं होतं. पेटी दोन्ही हातांनी धरायची, म्हणजे चालताना नेहमीची काठी नाही. सोमवारच्या सरावात ती रिकाम्या खोक्यासकट पडली. बाईंनी यादीत तिच्या नावापुढे कंसात, पर्यायी म्हणून, तिच्या वर्गातल्या ऋग्वेदचं नाव लिहिलं.

आबा, म्हणजे तिच्या आईचे वडील, चाळीस वर्षं ऑर्थोसिस (पायाच्या मापाने घडवलेला आधार) बनवत आले होते. त्यांनी तिला बाकावर बसवलं. "मापाड्या, हिचं पाऊल वर ढकल. हळू."

पाऊल वर गेलं. काहीच अडलं नाही.

"आता चटकन."

पोटरी लाकडासारखी ताठ झाली. पाऊल मध्येच थांबलं.

"पाय तोच," मापाडी म्हणाला. "माझ्या नोंदींत असं काही नाही."

"कसं असेल? मापं घेतलीस तेव्हा ती निवांत बसली होती."

जुईली पोटरी चाचपत होती. "आबा, हिला ताणणं चालतं. घाई चालत नाही."

"हे कळायला मला कॉलेजात दोन वर्षं लागली," आबा म्हणाले. "स्नायू एकदम ताणला गेला, की तो मज्जारज्जूला (पाठीच्या कण्यातल्या मज्जातंतूंच्या जुडग्याला) कळवतो. तिथून लगेच हुकूम सुटतो, 'आकस!' एरवी मेंदू त्या हुकुमाचा जोर कमी करतो. तू फार लवकर जन्मलीस, तेव्हा मेंदूच्या त्या भागाला इजा झाली. म्हणून तुझ्या पोटरीला हुकूम पूर्ण जोराने पोचतो. याला स्पॅस्टिसिटी (ताणण्याच्या वेगाबरोबर वाढणारा ताठरपणा) म्हणतात."

"आणि चालताना दर पावलाला ती झटक्यात ताणली जाते." जुईली थांबली. "पण बुटाचा तळ मऊ होता की! मीच मागितला होता."

"त्या मऊ गादीवर उभी राहा बरं."

ती भिंत धरून उभी राहिली. पाऊल डगमगलं आणि बोटं गादी पकडायला आवळली. त्यांच्यामागोमाग पोटरीही ताठ झाली.

"अय्या! म्हणजे मीच चुकले."

"तू मागितलंस, मापाडीने दिलं, मी पाहिलं नाही. तिघंही चुकलो."

या वेळी मापाडीने तिला चालवत मापं घेतली. नव्या आधाराचा तळ टणक होता आणि टाचेला घट्ट वाटी होती. टाचेखालची पोकळी पाचरीने भरली होती. बोटांना आवळता येऊ नये म्हणून त्यांच्याखाली किंचित उंचवटा होता. नडगीपर्यंत जाणाऱ्या कवचामुळे घोट्याला हिसका बसत नव्हता.

"याने मेंदू बरा होईल?" मापाडीने विचारलं.

"नाही. पोटरीला ओरडायचं कारण कमी मिळेल, एवढंच," आबा म्हणाले.

शुक्रवारी वारा बेताचा होता. आबा आणि मापाडी मैदानाच्या कडेला उभे होते. जुईलीने पेटी उचलली. ऋग्वेद शेजारून चालू लागला.

"दे ना, मी घेतो."

"हात तर लावून बघ!"

टाच टेकत होती. निम्म्या मैदानात कुणीतरी "लवकर गं!" असं ओरडलं. ती दचकली, पोटरी आवळली आणि टाच उचलली गेली. जुईली जागीच उभी राहिली. पोटरी सैल होईपर्यंत तिने वाट पाहिली, मग टाच सावकाश टेकवली आणि पुढचं पाऊल टाकलं.

बाईंनी तिच्या हातातून पेटी घेऊन फुग्याला बांधली. फुगा सुटला आणि लहान होत गेला.

"सहा महिन्यांत पाय वाढेल," आबा वर पाहत म्हणाले. "नवा आधार लागेल."

"तोवर ही धावायला लागली तर?" मापाडीने विचारलं.

"तर धावताना मोज."