सुरुचीची वाक्यं

शुक्रवारचं जेवण आटोपलं की रियाधच्या आपल्या फ्लॅटमध्ये अनुराधा ओळखीच्या मराठी मुलांचं अभिवाचन घ्यायची. पोरं घरात इंग्रजीत उत्तरं देतात म्हणून जीव टांगणीला लागलेल्या आयांपैकीच ती एक. तिचा शिरस्ता ठरलेला: गोष्ट मुलांनीच लिहायची, वाक्यं वाटून घ्यायची, समोर बघत एका रांगेत उभं राहून वाचायची. एकाचं संपलं की दुसऱ्याने लगेच उचलायचं.

रांगेतली सुरुची महिन्यापूर्वी दम्मामच्या रस्त्यावर अपघातात गेली. तिच्या आईने, सुनीताने, हात धरून एवढंच मागितलं होतं, "तिची वाक्यं कुणाला देऊ नका हो." अनुराधाने शब्द दिला. मग ठरलं, त्या जागी मुलांनी मनात चार मोजून थांबायचं.

आज बाहेर धुळीचं वादळ होतं. खिडक्या पिवळ्या पडलेल्या, घरभर मातीचा वास. सुरुचीची जागा आली. मुलं थांबली... चार झाले, आठ झाले, आणि मग सगळी एकदमच भानावर आली.

"चारच मोजा म्हटलं होतं ना?"

"पण आंटी, तिचं संपलं नव्हतं," आसावरी हळूच म्हणाली.

हे खूळ आत्ताच मोडायला हवं, नाहीतर पोरं हातची जातील, असं अनुराधाला वाटलं. सुनीताला दिलेला शब्द बाजूला सारून तिने सुरुचीची सगळी वाक्यं आपल्या ध्रुवला दिली.

"आई, नको ना..."

"वाच म्हणते ना!"

ध्रुवने कागद वर धरला. त्याचे ओठ हलले. आवाज मात्र आला नाही.

"मोठ्याने, ध्रुव."

"आंटी, वाचतोय की तो," उन्मेष म्हणाला. "किती लाउड वाचतोय!"

तिने ध्रुवच्या गळ्यावर हात ठेवला. गळा थरथरत होता. एसीची घरघर ऐकू येत होती, कागदांची सळसळ ऐकू येत होती. पोटचं पोर तेवढं ऐकू येत नव्हतं. तिला रडू कोसळलं.

तेवढ्यात फोन वाजला. सुनीता होती, दोन गल्ल्या पलीकडून.

"अनुराधाताई, अशा वादळात ध्रुवला कशाला पाठवलंत? मी तर दारही उघडलं नाही... सुरुचीच्या खोलीतून त्याचा आवाज येतोय. आधी काहीतरी वाचत होता. आता तुम्हाला हाका मारतोय... आत्ताही..."

अनुराधाने वळून ध्रुवकडे पाहिलं.

त्याचे ओठ मिटलेले होते.