हाकेला उत्तर

डॉमिनीला योडेल, म्हणजे या डोंगरावरून त्या डोंगरावर घालायची सुरेल हाक, गाता येत नाही, यावर मुओटा खोऱ्यात कुणाचं दुमत नव्हतं. "तुझं योडेल ऐकून गाई पान्हा चोरतात," असं काथ्री नवऱ्याला येताजाता ऐकवी. त्या सकाळीही तिनं ऐकवलं. तो हसला आणि लांब दांड्याचा विळा खांद्यावर टाकून समोरच्या कड्यावर गवत कापायला गेला.

संध्याकाळी तिथून हाक आली. छातीतून निघालेला सूर मधोमध मोडून असा काही वर चढला, की काथ्रीचे धारेचे हात थांबले. मेल्याला जमलं एकदाचं, असं वाटून तिला भरून आलं. तिनं गाऊनच उत्तर दिलं. शेजारच्या कुरणांवरूनही उत्तरं आली. अंधार पडेपर्यंत सगळं खोरं गात होतं.

रात्री तो वरच निजला असेल, असं समजून कुणी शोधायला गेलं नाही. सकाळी तो कड्याखालच्या घळीत सापडला. दोन्ही पाय मोडलेले. जीव पहाटे गेला असावा, असं डॉक्टर म्हणाला.

"पहिलं योडेल असंच झालं म्हणतात," दफनाहून परतताना सासरे बाल्त्स म्हणाले. "एक जण पडला, बोंबलत होता. समोरच्याला वाटलं, गातोय. त्यानं गाऊन उत्तर दिलं."

"हे आधी नाही सांगितलंत, मामंजी."

"मीही गायलो ना त्या दिवशी."

तिसऱ्या संध्याकाळी त्याच घळीतून तीच हाक आली.

गाई चरायच्या थांबल्या. बाल्त्स उठले आणि त्यांनी गाऊन उत्तर दिलं. हाक बंद झाली.

"रोज द्यायचं," ते म्हणाले. "म्हणजे तो तिथंच पडून राहील."

काथ्रीला त्यांचा संताप आला. "पडून राहील? या वेळी मी गाणार नाही. जाणार."

"पोरी, आपणच पुरलाय त्याला."

दुसऱ्या दिवशी ऊन कलल्यावर ती त्यांना न सांगता निघाली. घळीच्या काठावर पोचली, तेव्हा हाक आली. अगदी जवळून. ती वाकली.

पायाखालचं गवत सुटलं.

घळीत कुणीच नव्हतं. तिची मांडी मोडली होती. घळीच्या तोंडातून पलीकडचं घर स्पष्ट दिसत होतं.

"मामंजी, मी पडलेय," ती जिवाच्या आकांतानं ओरडली. दरीपार शब्द पोचले नाहीत. नुसता आवाज पोचला, मधोमध मोडून वर चढणारा.

बाल्त्स दारात आले.

ते गाऊ लागले. सावकाश, मायेनं, लेकराला निजवावं तसं. मग शेजारची कुरणंही गाऊ लागली.