चंपतरावांचा चौथा सदरा

मेलेला माणूस परत येत नाही, हे नेरडीगोंड्याचे सुधाकर मास्तर वर्गात छातीठोकपणे सांगत. रविवारी दुपारी मात्र ते स्वतःच चंपतरावांच्या किराणा दुकानात माणसं मारून परत आणत.

एक्क्याण्णवचा उन्हाळा. हायवेवरच्या ढाब्यातून पुड्यांसाठी आलेल्या रद्दीत मास्तरांना एक इंग्रजी पुस्तक सापडलं. बसल्या जागी बोलून खेळायचा खेळ होता. जमिनीखाली शहर, त्यावर सगळं पाहणारं यंत्र, आणि खेळणारे त्या यंत्राचे शिपाई. शिपाई मेला की त्याच नावाचा, त्याच चेहऱ्याचा दुसरा हजर. प्रत्येकी सहा. मास्तर यंत्र झाले. चंपतराव आणि कापूसवाला महिपत शिपाई. फाशांऐवजी कवड्या.

यंत्र अधूनमधून विचारी, "खूश आहेस ना?" नाखूश तो गद्दार. त्याला तिथंच गोळी.

महिपत पटकन "खूश" म्हणून मोकळा होई. चंपतरावांची पंचाईत होती. धंदा बरा चाललाय असं दुकानदार कधी म्हणत नाही, नजर लागते.

"कायचं खूश? मंदी आहे," ते म्हणाले, आणि मेले.

"अबे, खेळात तरी खूश हो ना!" महिपत हसून लोळला.

त्या संध्याकाळी चंपतरावांनी चहा बिनसाखरेचा मागितला. एरवी तीन चमचे लागत. मास्तरांनी उन्हाला दोष दिला.

पुढच्या रविवारी पुन्हा मंदी, पुन्हा गोळी. सोमवारी साखर तोलताना त्यांच्या अंगठ्यावरचा विळ्याचा जुना वण मास्तरांना दिसेना. आपल्या चष्म्याचा नंबर वाढला असावा, असं त्यांनी ठरवलं.

तिसऱ्या रविवारीही तेच.

बुधवारी मधल्या सुट्टीत चंपतरावांच्या घरच्या, विमलबाई, शाळेत आल्या. पिशवीतून त्यांनी तीन सदरे काढून टेबलावर ठेवले. चौकडीचे. ज्वारीच्या कोठीमागं सापडलेले. गुंड्या गळ्यापर्यंत लावलेल्या. तिन्हींच्याही खिशाला निळ्या दोऱ्याची वाकडी टीप.

"आमच्या ह्यायचा असा सदरा एकच, मास्तर. अन् खिसा मी एकदाच शिवला."

मास्तरांनी तिन्ही टिपा बोटानं चाचपल्या.

"पयलेवाले वापस आणा."

मास्तरांनी पुस्तक पुढून मागून चाळलं. "वापसीची सोय नाही, वहिनी. पुढचेच येतात."

"किती उरले?"

"घरी आहेत ते धरून तीन."

विमलबाईंनी सदऱ्यांच्या घड्या घातल्या. "मंग खेळ बंद करा. हे तरी राहू द्या."

संध्याकाळी मास्तर दुकानावरून गेले. सवयीनं विचारलं, "काय चंपतराव, धंदा कसा?"

चंपतरावांनी मान वर केली.

"खूश आहो."

समोरचं गिऱ्हाईक पुडी न घेताच निघून गेलं.

मास्तरांनी पुस्तक चुलीत घातलं.

शुक्रवारी विमलबाईंच्या दारी जुन्या कपड्यांवर भांडी देणारी भांडेवाली आली. तीन सदऱ्यांवर तिनं एक पातेलं दिलं. झाकणासाठी चौथा मागितला. तो चंपतरावांच्या अंगात होता. पातेलं अजून बिनझाकणाचंच आहे.