चाळीस हजार सदस्यांची परिषद

चर्चमधून बाहेर पडताना फादरनी दिलेली शांती रीटाच्या मनात जेमतेम पार्किंगपर्यंत टिकली. तेवढ्यात फोन वाजला.

"रीटाताई, कुठे आहात?" दीप्तीचा आवाज दबका होता, शेजारच्या खोलीत कुणी झोपलेलं असावं तसा. "प्रेमानंद बंदूक घ्यायला निघालाय."

"कसली बंदूक, बाय? खेळण्यातली?"

"खरी."

शुक्रवार होता. मस्कतमध्ये वसईकरांचा रविवारसुद्धा शुक्रवारीच येतो. मिस्सा शुक्रवारी, कोंबडी शुक्रवारी, दुपारची झोपही शुक्रवारीच. रीटाने नवऱ्याला फोन लावला. "मॅक्सिम, मला उशीर होईल, कुकरला हात लावू नकोस." आणि गाडी अल् घुब्राकडे, दीप्तीच्या घराकडे वळवली.

रीटा मच्याडो काही पोलीस नव्हती. ती एका हॉटेलच्या रिसेप्शनवर बसायची. पण पाहुण्यांना चाव्या देण्याइतकंच तिचं दुसरंही एक काम होतं. इंटरनेटवर हॉटेलबद्दल लोक जे लिहीत, ते वाचून उत्तरं द्यायची. त्यातले निम्मे लोक हॉटेलात पाऊल न ठेवताच लिहीत. कुणी पैसे घेऊन, कुणी समोरच्या हॉटेलच्या सांगण्यावरून. कोण खरा, कोण खोटा हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, तिचं तीच शिकली. आलेला माणूस उशी कडक होती म्हणून रडतो. न आलेला लिहितो, 'अविस्मरणीय अनुभव'.

दार भानुदासकाकांनी उघडलं. प्रेमानंदचे वडील, दीप्तीचे सासरे. वीज मंडळातले निवृत्त वायरमन. धाकटा मुलगा गेल्यापासून थोरल्याकडे मस्कतला असायचे.

"या रीटाबाई. देवाकडून थेट इकडे?"

"देव म्हणाला, भानुदासकाकांकडे चहा बरा मिळतो."

"कसला बरा! साखर घालायला विसरली ही. सकाळपासून फ्यूज उडालाय पोरीचा." काका हसले आणि मोबाइल घेऊन आपल्या खोलीत गेले. आतून क्रिकेटच्या मॅचचा आवाज येऊ लागला.

दीप्तीने स्वयंपाकघराचं दार लोटलं. ओट्यावर जुना टॅबलेट होता.

"हा त्याचाच. इथेच ठेवून गेला. त्याचे मेसेज यावर पण येतात, हे त्याच्या लक्षातच नाही."

"इंडियाला कधी गेला?"

"काल. केसची तारीख आहे म्हणून."

केस रीटाला ठाऊक होती. प्रेमानंदचा धाकटा भाऊ धम्मदीप परभणीकडच्या गावात गायरानाची जमीन कसत होता. ती सोड म्हणून लोक आले, त्याने सोडली नाही, एका संध्याकाळी त्याला बांधावरच मारलं. आरोपी आता जामिनावर होते आणि साक्षीदार एकेक करून गप्प होत होते.

"वाचा," दीप्ती म्हणाली.

पेजचं नाव 'ग्रामरक्षक शस्त्रहक्क परिषद'. प्रत्येक गरीब माणसाला स्वसंरक्षणासाठी बंदुकीचा परवाना मिळालाच पाहिजे, ही मागणी. सदस्य चाळीस हजार. प्रेमानंदने 'अजिंक्य' असं खोटं नाव घेऊन परिषदेला विचारलं होतं, परवाना मिळायला किती दिवस लागतील? खाली अध्यक्षांचं उत्तर होतं.

'परवाना आपल्या माणसाला मिळत नाही. सरकारची लाईन बंद आहे. आपला फ्यूज आपणच टाकायचा. वाट पाहू नका.'

त्याच पेजवर 'रक्षक भाऊ' नावाच्या कुणीतरी आपला नंबर टाकला होता. वस्तू मिळेल, म्हणे. आज दुपारी जिंतूरला भेट ठरली होती.

"त्याला फोन केलास?"

"केला ना. म्हणतो, चाळीस हजार माणसं खोटी आणि तू एकटी खरी? परिषद खोटी आहे हे सिद्ध कर, मी आहे तिथे बसमधून उतरतो. आणि फोन ठेवून दिला."

"विनापरवाना सापडला तर?"

"तुरुंग." दीप्तीने ओटा पुसायला घेतला. तो आधीच लख्ख होता. "आणि नाही सापडला तर त्याहून वाईट. तो वापरेल, ताई."

रीटाने चष्मा लावला.

"कार्यालय कुठे?"

"परभणी लिहिलंय."

"रस्ता? गल्ली? वर कुणाचं दुकान?"

"नाही."

"अध्यक्षांचं नाव?"

"अध्यक्ष."

"नुसतंच?"

"नुसतंच."

"चाळीस हजार सदस्य. मग या पोस्टला लाईक किती?"

दीप्तीने मोजले. "अकरा."

"बाकीचे शेतावर गेले असतील." रीटा खाली सरकत गेली. 'बंदुका असलेल्या गावांत अत्याचार नव्वद टक्के कमी.' कुठली गावं? कुणी मोजले? काही पत्ता नाही. मग पीडितांचे फोटो. 'बंदूक असती तर हिचा नवरा वाचला असता.' "ही बाई बघ. हिच्या मागे होडी दिसते. पुरातली आहे बिचारी. पुराला काय गोळी घालणार?"

दीप्ती हसली नाही. रीटालाही तशी अपेक्षा नव्हती.

फोटोंखाली ही सगळी माणसं एकाच आवाजात बोलत होती. सगळ्यांचा न्याय थोर, अंधार घोर. एकालाही उशी कडक लागली नव्हती.

एक पोस्ट सोडून.

काठीवर ठेवलेले म्हाताऱ्या माणसाचे दोन हात. फोटो काळापांढरा. चेहरा नाही, मागे भिंतीचा तुकडा. खाली लिहिलं होतं: 'मराठवाड्यातल्या एका बापाच्या घरातला फोटो. परवान्यासाठी तीनदा अर्ज केला. पहिल्यांदा म्हणाले, फोटोत कान दिसत नाहीत. दुसऱ्यांदा साहेब बदलून गेले होते. तिसऱ्यांदा म्हणाले, जिवाला धोका असल्याचा पुरावा आणा. पुरावा त्याच्या मुलाने दिला. तेव्हा अर्ज मुलाच्याच नावाचा होता, म्हणून तो निकाली काढला.'

रीटाने ते पुन्हा वाचलं.

"हा मात्र हॉटेलात राहिलेला माणूस आहे," ती पुटपुटली.

मग तिने टॅबलेटवरूनच परिषदेला विचारलं: 'आपली नोंदणी कुठे झाली आहे?' थोडा वेळ काहीच आलं नाही. मग आपोआप जाणारा मेसेज आला. 'आज शुक्रवार. कार्यालय बंद आहे. रविवारी उत्तर मिळेल.'

रीटा त्या मेसेजकडे बघत राहिली.

"हे पेज त्याला दाखवलं कुणी?"

"प्रसादने. अल् अमेरातला राहतो तो. तोही यांच्याच कंपनीत आहे."

रीटाने प्रसादला फोन लावला. "प्रसाद, खरं सांग. हे बंदुकीचं पेज तू चालवतोस का?"

"मी? अहो ताई, मला माझा बायोडेटा दुसऱ्याने करून दिलाय!"

"मग तुला सापडलं कुठून?"

"आपोआप समोर आलं. ओळखीतल्या कुणीतरी लाईक केलं असेल. का, काय झालं?"

"डिसेंबरात सुट्टीवर गेला होतास?"

"सुट्टी? अर्बाब कुठला रजा देतोय, ईदलासुद्धा साइटवर उभं केलंय. इथेच होतो."

"खलास," म्हणून रीटाने फोन ठेवला. डिसेंबरात हे पेज पंधरा-वीस दिवस अगदी मुकं होतं, हे तिने मघाशीच पाहिलं होतं. आणि त्यानंतरच्या सगळ्या पोस्टींची अक्षरं अचानक मोठी झाली होती.

तिने हातांचा फोटो बोटांनी ताणून मोठा केला. आधी भिंत पाहिली, मग अंगठा.

"दीप्ती, चहा कर. साखर घालून. आणि काकांना बाहेर बोलाव."

भानुदासकाका आले, सोफ्यावर बसले, चहा हातात घेतला. रीटा त्यांच्या हातांकडे बघत होती. डाव्या अंगठ्याला नख नव्हतं. नखाच्या जागी काळपट, चपटी कातडी.

"काका," ती हळू म्हणाली, "मी बोलते. चुकलं तर थांबवा. परभणीतली कचेरी शुक्रवारी बंद आणि रविवारी उघडी असते का हो?"

काका बशीत चहा ओतायचे थांबले.

"तिकडे रविवारची सुट्टी. शुक्रवार-शनिवार सुट्टी आपल्या इथली. म्हणजे परिषद परभणीत नाही, आखातात आहे. मला आधी प्रसाद वाटला. पण डिसेंबरात तो इथेच कामावर होता आणि परिषद मात्र मुकी होती. डिसेंबरात मोतीबिंदूचं ऑपरेशन कुणाचं झालं? त्यानंतर अक्षरं मोठी कुणाला लागली?"

दीप्ती कपाटाला टेकून उभी होती. तिचा हात तोंडावर गेला.

"मग हा फोटो. मराठवाड्यातलं घर म्हणून लिहिलंय. भिंतीवरच्या सॉकेटला तीन चौकोनी भोकं. आमच्या हॉटेलात इंडियाचा पाहुणा आला की पाण्याच्याही आधी अडॅप्टर मागतो, कारण तिकडची भोकं गोल. काका, तुम्ही जन्मभर स्विचबोर्ड बसवलेत. आणि फोटोत आला तो अल् घुब्राच्या भाड्याच्या घरातला."

"ते लक्षात नाही आलं," काका पुटपुटले. खांबांच्या मोजणीत एखादा राहून जावा तसे.

"फ्यूज तुम्ही मघाशी दारातही उडवलात. आणि परिषदही फ्यूजच टाकायला सांगते."

आतल्या खोलीत कुणीतरी चौकार मारला. लोक ओरडत होते.

"बाबा," दीप्ती म्हणाली, "मी रोज तुमच्या हातात चहा देते. मी त्या अंगठ्याकडे कधी बघितलंच नाही. बशी सांडू नये म्हणून बशीकडेच बघायचे."

काकांनी कप खाली ठेवला. "एक माणूस ओरडला तर कोण ऐकतं, पोरी? मी तीनदा कचेरीत ओरडलो. मग म्हटलं, परिषद ओरडली तर ऐकतील. चाळीस हजार लिहिलं. कुणी विचारलं नाही मोजले का म्हणून. लोक लिहायला लागले, साहेब, अध्यक्षसाहेब. मला आयुष्यात कुणी साहेब म्हटलं नव्हतं." ते थांबले. "प्रेमानंदला नव्हतं कळू द्यायचं. तो शुक्रवार-शनिवार घरी असतो म्हणून कार्यालय बंद ठेवायचो."

"आणि खोटे फोटो?"

"ते खोटे. हात माझे. ती गोष्ट खरी."

"ते कळलं मला," रीटा म्हणाली. "काका, अजिंक्य नावाच्या मुलाला तुम्ही काय लिहिलंत?"

"तो ना? चांगला पोरगा आहे. भावाला मारलंय त्याच्या. लिहिलं की वाट पाहू नको." त्यांनी मान वर केली. रीटाकडे पाहिलं, मग दीप्तीकडे. तिच्या हातातल्या टॅबलेटकडे. तो टॅबलेट कुणाचा, हे त्यांना ठाऊक होतं.

दीप्तीने तो त्यांच्यापुढे धरला. 

"रक्षक भाऊ कोण, बाबा?" दीप्तीने विचारलं.

"मला नाही माहीत. कोण कोण येऊन खाली लिहायचं. आपल्याच विचारांचे वाटायचे." म्हातारा उठला, पुन्हा बसला. "फोन लाव त्याला."

त्याने फोन कापला. पुन्हा लावला. पुन्हा तेच.

"परिषदेतून लिहा," रीटा म्हणाली. "तुमचं तो ऐकतो."

काकांनी आतून आपला मोबाइल आणला आणि लिहिलं. दीप्तीच्या हातातल्या टॅबलेटवर मेसेज उमटला. 'जाऊ नको. मी चुकीचं सांगितलं. परिषद खोटी आहे.'

लगेच उत्तर आलं. तो ऑनलाइन होता.

'तुम्ही अध्यक्ष नाही. पेज कुणीतरी बळकावलंय. अध्यक्ष घाबरत नसतात.'

'मी तुझा बाप आहे.'

'माझे वडील मोबाइलवर फक्त मॅच बघतात.'

रीटाने कपाळाला हात लावला. इतकी वर्षं खोट्याला खोटं ठरवलं होतं तिने. खरं खरं आहे, हे पटवून देण्याची वेळ कधी आली नव्हती.

काका लिहीत होते. चष्म्याच्या आत पाणी होतं, त्यामुळे अक्षरं चुकत होती, ते खोडत होते, पुन्हा लिहीत होते. 'हातांचा फोटो बघ. डावा अंगठा. मला पोलावर शॉक बसला तेव्हा तू डबा घेऊन खाली उभा होतास. तू डबा टाकला नाहीस. घट्ट धरून रडत होतास.'

पलीकडे तो लिहितोय असं दिसायचं, मग थांबायचं.

शेवटी आलं.

'बाबा. बाकीच्या फोटोंवर माझा विश्वास नव्हता. त्या एका पोस्टमुळे मी आलो.'

दीप्तीने काकांचा खांदा धरला. "त्याला म्हणावं उतर. म्हणावं, सिद्ध झालं."

काका लिहिणार तोच पुढचा मेसेज आला.

'घेतली, बाबा. पिशवीत आहे. स्टँडवर बसलोय. समोर दोन पोलीस चहा पितायत. आता काय करू?'

भानुदासकाका त्या प्रश्नाकडे बघत राहिले. पोलिसांकडे जा म्हणावं, तर तुरुंग. टाकून दे म्हणावं, तर कुठे, कुणाच्या पोराच्या हाती लागेल? घरी जा म्हणावं, तर घर त्याच बांधाशेजारी. परवा-परवापर्यंत प्रत्येकाला उत्तर देणारे अध्यक्ष अंगठा पडद्यावर टेकवून बसले होते. त्यांनी रीटाकडे पाहिलं. रीटाने दीप्तीकडे. दीप्तीने टॅबलेटकडे.

बराच वेळ उत्तर गेलं नाही. मग परिषदेने आपल्या नेमाप्रमाणे, कुणालाही न विचारता, ते पाठवून दिलं.

'आज शुक्रवार. कार्यालय बंद आहे. रविवारी उत्तर मिळेल.'